सतरा नंबर आणि सूपभर कोंडा

मालवण, २ मार्च १९६१

ती. सौ. ताईस,

नमस्कार. साष्टांग घालायला या निळ्या कागदावर जागा बेताची आहे, आणि पाच वर्षांनी तुझं पत्र आलं ते वाचून माझे गुडघेही जरा ताठरले आहेत. तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घे.

मजकूर समजला. मे महिन्यात, बोटी बंद व्हायच्या आधी तू येणार, सुगंधाला मुंबईला नेणार, जूनपासून परळच्या शाळेत घालणार. भावोजींनी हेडमास्तरांशी बोलूनही ठेवलंय. सगळं छान आहे. फक्त एक अडचण आहे, आणि ती माझी नाही, डेन्मार्कची आहे.

इथे दिवाळीपासून मिस हॅन्सन नावाच्या डेन्मार्कच्या बाई येऊन राहिल्या आहेत. त्यांच्या देशातलं विद्यापीठ आणि मुंबईतली एक समाजसेवा शिकवणारी संस्था यांनी मिळून एक संशोधन काढलंय. त्यांच्या किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार गावातली चाळीस मुलं आणि आपल्याकडची चाळीस मुलं. वडील दर्यावर नाहीतर परगावी असताना ही मुलं कशी वाढतात, कोण त्यांना भरवतं, कोण रागावतं, हे दोन वर्षं पाहायचं. मी बालवाडी चालवते म्हणून मला मदतनीस नेमलं आहे. दारावर पाटी नाही लावली, पण माणसं आता जरा वाकून बोलतात.

सुगंधा या संशोधनात सतरा नंबर आहे. तिकडेही एक सतरा नंबर आहे, किर्स्टन नावाची. दोघींची जोडी लावलेली आहे. इथला सतरा नंबर उचलला की तिकडची किर्स्टन एकटी पडणार आणि दोन देशांचं काम अर्धवट राहणार. हे मी म्हणत नाही, शास्त्र म्हणतं.

तेव्हा दोन वर्षं धीर धर. पोर खुशाल आहे. आमच्या घरचे जहाजावरच आहेत, गणपतीला येतील असं म्हणतात.

तुझी,
जानकी


मालवण, २३ मार्च १९६१

ती. सौ. ताईस,

तुझं पत्र पोचलं. पोस्टमनने दिलं तेव्हा ते गरमच लागलं हाताला.

‘ही किर्स्टन कोण लागून गेली’ असं तू विचारतेस. ती सात वर्षांची आहे, तिचे वडील हेरिंग नावाचे मासे धरतात, आणि तिचं वजन सुगंधापेक्षा अडीच किलो जास्त आहे. हे अडीच किलो मला रात्रंदिवस टोचतात. म्हणून मी सुगंधाच्या पेजेत रोज तूप घालते आणि पापलेटाचा मधला तुकडा तिच्याच पानात वाढते. यात माझं काही नाही, देशाचा प्रश्न आहे.

आणि मी घरी बसून तुझ्याशी भांडायचे बेत करते असं तुला वाटत असेल तर माझं काम ऐक. हॅन्सनबाई पुण्याला वर्षभर राहून मराठी शिकल्या, पण पुस्तकातून. परवा त्या आपल्या शेजारच्या शेवंतीच्या अंगणात बसल्या आणि म्हणाल्या, “हे माते, आपल्या अपत्याची निद्रा समाधानकारक असते काय?”

शेवंती माझ्याकडे बघून म्हणाली, “काय म्हणताहा गो ही?”

मी म्हटलं, “तुझो झील रातचो बरो निजता मां, म्हणान इचारतत.”

“निजता तर. पण माका मेल्यान निजाक देणा नाय.”

मी बाईंना सांगितलं, “होय, समाधानकारक.” त्यांनी लिहून घेतलं. थोडक्यात, त्यांच्या मराठीचं मी मालवणी करते आणि मालवणीचं त्यांना झेपेल असं काहीतरी करते. तिकडच्या गावात त्यांची अशीच कुणी मदतनीस असेल, तीही असंच करत असेल. आमची दोघींची गाठ पडली तर आम्ही खूप हसू असं वाटतं.

महिन्यातून एकदा वजनं होतात. बालवाडीच्या वाशाला काटा टांगलाय, त्याला झोळी. मूल झोळीत घातलं, आकडा लिहिला, काढलं. पण मोजलेल्या मुलाला दृष्ट लागते हे तुला सांगायला नको. त्यामुळे प्रत्येक आई पदरात मीठ-मोहरी आणि मिरच्या घेऊनच येते, आणि वजन झालं की दारातच ओवाळून शेगडीत टाकते. चाळीस मुलांच्या मिरच्या एका शेगडीत पडल्यावर काय होईल? मुलं खोकतात, आया खोकतात, बाई तर डोळे पुसत बाहेर पळतात. त्यांनी लिहून पाठवलं की या किनाऱ्यावरच्या मुलांमध्ये खोकल्याचं प्रमाण फार आहे. ते वाचून डेन्मार्कहून खोकल्याच्या औषधाची भलीमोठी पेटी आली. औषध गोड आहे आणि पोरं आवडीने पितात.

तू विचारलंस म्हणून सांगते, सुगंधा मला आयेच म्हणते. बोलायला लागली तेव्हापासूनची सवय, आता कशाला मोडायची. तू कोण हे तिला ठाऊक आहे. तुझा फोटो मात्र भिंतीवरून काढून ट्रंकेत ठेवलाय, खाऱ्या हवेने खराब होऊ नये म्हणून.

यंदा शेवटची बोट पंचवीस मेला सुटणार आहे. धक्क्यावर सहज चौकशी केली. ती चुकली की नारळी पुनवेपर्यंत काही करता येणार नाही, आणि घाटातून एस.टी.ने न्यायचं म्हणजे पोरीला गाडी लागते. तेव्हा घाई करून उपयोग नाही.

तुझी,
जानकी


मालवण, १७ एप्रिल १९६१

ती. सौ. ताईस,

थोडा घोटाळा झाला आहे. आधी वाटलं होतं तुला कळवू नये, पण आता कळवल्याशिवाय निभत नाही.

बाईंच्या फॉर्मात नववा प्रश्न आहे, ‘मूल या कुटुंबात कसे आले?’ पुढे तीन चौकटी: जन्माने, दत्तक, इतर. सुगंधाच्या फॉर्मवर ‘जन्माने’ अशी खूण होती, आणि आईच्या नावापुढे माझं नाव. लिहिण्याच्या घाईत झालं असेल. चाळीस फॉर्म भरायचे होते आणि बोरू नीट चालत नव्हता.

मग बाईंनी एकेक फॉर्म शेजाऱ्यांकडून ताडून घ्यायचं ठरवलं. ही त्यांच्या देशाची पद्धत. मी बालवाडीत असताना त्या शेवंतीकडे गेल्या आणि सुगंधाबद्दल विचारलं. शेवंतीला खोटं बोलायला वेळ लागतो, तो तिला मिळाला नाही. ती म्हणाली, “ह्या चेडू जानकीन इकत घेतल्यान. सूपभर कोंडो देवन.”

एवढं मालवणी आता बाईंना कळतं.

संध्याकाळी त्या माझ्या ओटीवर आल्या, वही उघडली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “जानकीबाई, आपण आपलीच कन्या विकत घेतली? कोणाकडून?”

मी म्हटलं, चहा टाकते.

चहा पिऊन झाल्यावर सगळं सांगावं लागलं. तुझी आधीची दोन मुलं वर्षाच्या आत गेली. मग सुगंधा झाली तेव्हा तू बाराव्या दिवशी तिला सुपात घालून माझ्या दारात आणलंस आणि म्हणालीस, “माका नको ह्या. तू इकत घे.” मी तिला उचलून घेतलं आणि रिकाम्या सुपात कोंडा भरून तुला दिला, म्हणजे जे दोघांना घेऊन गेलं त्याला वाटावं की या घरात आता मूलच नाही. कोंड्याच्या मोलाची पोर, तिच्यावर कोण नजर ठेवणार? आपल्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कोणी कोणाला सांगत नाही. बाईंना सांगताना मात्र ते शब्द माझ्याच कानांना कसेतरी लागले. त्यांनी सगळं लिहून घेतलं, मग तीन दिवस दारोदार हिंडून विचारत राहिल्या. चाळीसांतली नऊ मुलं विकलेली निघाली. एक कोंड्यावर, तीन मिठावर, दोन सुक्या बांगड्यांवर, बाकीच्यांचं आयांना आठवत नाही.

बाईंनी मुंबईच्या संस्थेला कळवलं. त्या तरी काय करणार, कळवणं हेच त्यांचं काम. संस्थेत कुणी मोठे साहेब आहेत, त्यांनी मालवण पाहिलं असेल तर नकाशातच. त्यांचं उत्तर आलं: बालविक्रीचा प्रकार गंभीर आहे, तालुक्याला कळवलं आहे, आणि सतरा नंबरच्या मुलीच्या फॉर्मात खोटी माहिती असल्याने चौकशी होईपर्यंत तिला रत्नागिरीच्या बालगृहात ठेवावं.

मी सुगंधाला तीन दिवस शाळेत पाठवलेलं नाही. दाराला कडी लावून तिला तूपभात भरवते आहे. ती विचारते, “आये, माका कोण नेतला?” मी सांगते, कोणी नाही. तू न्यायला येशील का असं ती विचारायची तेव्हाही मी हेच सांगत आले होते, ते आता आठवतं.

जानकी


मालवण, ८ मे १९६१

ती. सौ. ताईस,

पत्र आधी शेवटपर्यंत वाच, मग रड किंवा शिव्या दे.

काल तालुक्याहून चौकशीला कारकून आले. परशुराम त्यांचं नाव, डोक्यावर काळी टोपी, काखेत दप्तर, बोलणं अगदी कचेरीचं. ओटीवर मी, हॅन्सनबाई आणि शेवंती. सुगंधा आतल्या खोलीत, पण दाराच्या फटीत तिचा डोळा मला दिसत होता.

“सदर बालिकेचा व्यवहार कोणत्या मोबदल्यात झाला?”

“सूपभर कोंडा.”

त्यांनी लिहिलं. मग सवयीनेच विचारलं, “कसल्या भाताचो?”

“लाल.”

“बरो असता लाल भाताचो,” ते म्हणाले, आणि टाक दौतीत ठेवून दिला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “माकाय आवशीन इकल्यान मगे. चार मुठी मीठ घेवन. काशीबाय म्हणान एक मासे इकणारी, तिणां घेतल्यान माका. अजून दर चवथीक तिका लुगडा नेवन दितंय.”

हॅन्सनबाईंनी घाईने वही उघडली. सरकारी माणूस विकलेला निघाल्याची नोंद त्यांनी दोन रेघा ओढून अधोरेखित केली. मग चौकशी करणाऱ्याचीच चौकशी सुरू झाली: काशीबाई रागावत असे काय, जेवू कोण घालत असे, आजारपणात कोणाची आठवण येत असे. परशुराम कारकुनांनी सगळ्याची उत्तरं दिली आणि शेवटी डोळे पुसले. त्या दिवशी मिरच्या नव्हत्या.

‘स्थानिक रूढी, विक्री नव्हे’ असा शेरा त्यांनी मारला. बालगृहाचं टळलं, ताई.

पण दप्तर बांधताना त्यांनी सहज विचारलं, “मगे परत कधी घेतल्यान तुझ्या भयणीन? माका आवशीन पाचव्या वर्साक मीठ परत देवन घेतल्यान.”

मी म्हटलं, “नाय घेतल्यान.”

“अरे, मगे ह्या अर्ध्यारच रवला.”

हॅन्सनबाईंनी मान वर केली. “आईने परत का घेतले नाही?” त्या म्हणाल्या. हा प्रश्न फॉर्मात नव्हता. शेवंती माझ्याकडे बघत होती, आणि तिला सगळं माहीत आहे.

तुला आठवतं ना, छप्पन साली तू तिला न्यायला मुंबईहून ट्रंक घेऊन आलीस. सुगंधा दोन वर्षांची. मी दारात उभी राहून म्हटलं, कोंडा कुठे आहे? तू म्हणालीस, मुंबईत असले खुळे प्रकार कोणी मानत नाही. मी म्हटलं, मानत नव्हतीस तर विकलीस कशाला, परत घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू देणार नाही, पोरीचं बरंवाईट झालं तर? गाव गोळा झाला आणि गाव माझ्या बाजूने बोलला. तेव्हा तू म्हणालीस की माझी कूस रिकामी म्हणून मी तुझं मूल धरून बसले आहे. मी पाच वर्षं तुझं नाव घेतलं नाही ते त्या वाक्यासाठी, असं सगळ्यांना सांगितलं.

ताई, त्या दिवशी माझ्या माजघरात तीन पोती कोंडा होता. सूप भरून मीच तुझ्या हातात देऊ शकले असते. तू मला देऊन टाकला असतास आणि दोन क्षणांत सगळं रीतीप्रमाणे झालं असतं. मला ते सुचलं होतं. मी केलं नाही. तू बोललीस ते खरं होतं म्हणूनच मी इतकी चिडले.

आणि किर्स्टनचंही सांगून टाकते. बाईंनी यादी केली तेव्हा सतरा नंबर शेवंतीचा मधला मुलगा होता. तुझं पत्र आल्यावर मी त्याला खोडून सुगंधाचं नाव घातलं. संशोधनाला ती नको होती. मला हवी होती. हे बाईंनाही काल सांगितलं. मला वाटलं कामावरून काढतील. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “यास्तव सतरा क्रमांकाचे वजन मार्चमध्ये एकाएकी वाढले.” मग बराच वेळ खोकल्या.

बोट पंचवीसला आहे. त्याआधी ये आणि कोंडा घेऊन ये. परळला मिळत नसेल तर भावोजींना शोधायला लाव. सूप इथे आहे.

तुझा फोटो ट्रंकेतून काढून भिंतीवर लावला आहे. खाऱ्या हवेने काही झालेलं नाही.

तुझी,
जानकी


मालवण, २८ मे १९६१

ती. सौ. ताईस,

तुम्ही दोघी सुखरूप पोचल्याची तार मिळाली. बोट फार हलली का? सुगंधाला आंबोशी चोखायला दिली होती, ती तिने बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावातच संपवली असणार.

तू इथे पाच दिवस होतीस, पण आपण दोघी फक्त भाकऱ्या थापल्या आणि पोरीचे केस विंचरले. बोलायचं राहिलंच. ते लिहिते.

तू पडावातून उतरलीस तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली आणि डोक्यावरचं कोंड्याचं गाठोडं कोरडं ठणठणीत. भावोजींनी त्यासाठी भायखळ्यापर्यंत दाणेवाले पालथे घातले हे ऐकून मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं. अंगणात शेवंती होती, हॅन्सनबाई वही घेऊन होत्या, परशुराम कारकून रजा काढून आले होते. मी सूप आणून ठेवलं. तू गाठोडं सोडून ओतलंस, आणि कोंडा चार बोटं कमी पडला. मी म्हटलं, “कमी आसा.” तू माझ्याकडे असं बघितलंस की मला पुन्हा छप्पन साल दिसलं.

आता ऐक. तुझा कोंडा कमी नव्हता. आपलं जुनं सूप तीन वर्षांपूर्वीच उंदरांनी खाल्लं. ते सूप मी शेवंतीकडून आणलं होतं, तिच्या घरातलं सगळ्यात मोठं. त्याआधी इतकं सगळं खरं लिहून-बोलून झालं होतं, तरी त्या सकाळी हात मोठ्या सुपाकडेच गेला. मी काय करू?

मग सुगंधा उठली. “आये, कोंडो उणो पडलो? मी हाडतंय,” म्हणाली आणि शेवंतीच्या घरात पळाली. परकराच्या ओच्यात कोंडा भरून आणला आणि स्वतःच सुपात ओतला. सांडला तेवढा पुन्हा वेचून घातला. काठोकाठ झाल्यावर माझ्याकडे बघून विचारलं, “आता झाला?”

मी म्हटलं, झालं.

तू रडलीस, शेवंती रडली, कारकूनही. मी कोंडा पाखडायला घेतला, त्यात पाखडण्यासारखं काही नव्हतं तरी. तुला वाटलं असेल मला राग आला. राग नव्हता. माझ्यापासून सुटावं म्हणून तिने ते केलं नाही, एवढं मला कळतं. कुठे काही कमी पडलं की धावत जाऊन आणायची सवय मीच तिला लावली आहे. पण त्या क्षणी ती सवय लावली नसती तर बरं झालं असतं असं वाटलं, आणि ते तुझ्यासमोर चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी मान खाली घातली. घर फार मोठं झालं आहे, ताई. काल पापलेटाचा मधला तुकडा काढून ठेवला आणि मग मीच खाल्ला. गोड लागला नाही.

हॅन्सनबाईंनी सतरा नंबरचा फॉर्म नव्याने भरला. ‘इतर’ या चौकटीत जागा पुरेना, म्हणून मागे तीन पानं जोडली आहेत. आईच्या नावापुढे तुझंच नाव आहे, मी उभी राहून लिहून घेतलं. शेवंतीच्या मधल्याला एक्केचाळीस नंबर दिला, त्याला तिकडच्या किनाऱ्यावर जोडी शोधताहेत. सुगंधाला मात्र यादीतून काढायचं नाही असं त्या म्हणतात. वर्षातून एकदा, मे महिन्यात, याच काट्यावर वजन झालं तरी चालेल, पण झालं पाहिजे, नाहीतर किर्स्टन एकटी पडेल. या वेळी हे खरोखरच शास्त्र म्हणतं. तुझा विश्वास बसणार नाही म्हणून बाईंची सही घेऊन चिठ्ठी सोबत पाठवते आहे.

एक राहिलं. सुगंधाच्या ट्रंकेत तळाशी, हिरव्या परकराच्या घडीत, फडक्याची एक गाठ आहे. सोडलीस तर मूठभर कोंडा निघेल. फेकू नकोस. तुम्ही धक्क्याकडे निघालात त्याआधी मी तो सुपातून काढून तिच्या सामानात घातला. म्हणजे रीत मूठभर अपुरी राहिली आहे, आणि तो कोंडा माझ्या सुपात परत पडेपर्यंत पोर तेवढी माझी आहे.

पुढच्या मेमध्ये तिला घेऊन ये. आणि कोंडा आणायला विसर.

तुझी,
जानकी